फिनलंडची माती आणि उसाचा फड : एका गाजलेल्या संशोधनाचं आपल्या बाजूने वाचन

दिवाळीच्या आधी गावी गेले होते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. चुलत वहिनीचं लेकरू तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. नुकतंच रांगायला लागलेलं, आणि रांगतं लेकरू जे करतं तेच करत होतं. अंगणातली माती मुठीत घ्यायची आणि सरळ तोंडात. वहिनीने बोट घालून माती काढली, त्याचे हात पदराला पुसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, हे बघा बरं, खरंय का? तुम्ही मातीवरच शिकायलाव ना तिकडं पुण्यात? मंग खाऊ द्यावं का लेकराला माती?"

मेसेज तुम्हालाही आला असेल. फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं की मातीत खेळणाऱ्या मुलांची रोगप्रतिकारशक्ती वाढते. आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं. तेव्हा साबण सोडा, मुलांना मातीत सोडा. सोबत हिरव्यागार रानात हसणाऱ्या गुटगुटीत बाळाचा फोटो.

"थोडीफार गेली पोटात तर काही होत नाही," असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण वहिनीचा प्रश्न हौसेचा नव्हता. मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. पंधरा दिवसांत ट्रक येणार होता आणि पुढचे पाच-सहा महिने ती आणि दादा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जाणार होते. लेकरू सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवायचं, हे घरात ठरत नव्हतं. त्या मेसेजने वहिनीला दिलासा दिला होता. फडात लेकरू दिवसभर मातीतच असणार. आणि माती चांगली असेल तर मग काळजी कशाची?

म्हणून हा लेख. त्या संशोधनात नेमकं काय आहे, काय नाही, आणि ते बीडच्या लेकराला लावायचं तर आधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, ते बघू. मी मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी करते, डॉक्टर नाही. त्यामुळे हे औषधोपचाराचं मार्गदर्शन म्हणून वाचू नका, एका पेपरची चिकित्सा म्हणून वाचा.

कल्पना आली कुठून?

सुरुवात १९८९ मधली. डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १९५८ सालच्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यात त्याला एक गंमत दिसली. घरात भावंडं जास्त, विशेषतः मोठी भावंडं जास्त, तर त्या मुलाला परागकणांची ऍलर्जी होण्याचं प्रमाण कमी. त्याचा तर्क असा, की मोठ्या भावंडांकडून लहानपणीच होणारे संसर्ग पुढे ऍलर्जीपासून वाचवत असावेत. यालाच पुढे 'स्वच्छता गृहीतक' हे नाव पडलं, आणि त्या नावाने बराच घोळ घातला. लोकांना वाटलं, अस्वच्छता चांगली असते.

२००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी दुरुस्ती सुचवली. ते म्हणाले, गोवर-पटकी असले आजार माणसाला शेती आणि दाट वस्तीनंतर चिकटले. ते आपले शिक्षक नव्हेत. शिक्षक म्हणजे त्याहून कितीतरी आधीपासून माती, पाणी, प्राणी यांच्याबरोबर आपल्यासोबत राहिलेले सूक्ष्मजीव. त्यांना त्यांनी 'जुने मित्र' म्हटलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळा लेख त्याच्यावर उभा आहे. मित्र वेगळे आणि रोगजंतू वेगळे, जरी दोघं एकाच मुठीतल्या मातीतून आले तरी.

तिसरी पायरी फिनलंडची. इल्का हान्स्की हे खरं तर फुलपाखरांवर काम करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या ११८ किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घराभोवती जंगल आणि शेतजमीन जास्त, अंगणात रानफुलांची विविधता जास्त, त्यांच्या त्वचेवर गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातल्या जिवाणूंचे प्रकारही जास्त सापडले, आणि त्यांच्यात ऍलर्जीकडे झुकणारा कल कमी दिसला. याला 'जैवविविधता गृहीतक' म्हणतात. थोडक्यात, भोवतालची विविधता घटली की अंगावरची आणि आतड्यातली विविधता घटते, आणि मग प्रतिकार यंत्रणेचं शिक्षण अपुरं राहतं.

अंगणवाडीतला प्रयोग

वहिनीच्या मोबाइलवरचा मेसेज ज्यावर बेतलेला होता तो पेपर २०२० मधला, 'सायन्स ऍडव्हान्सेस'मध्ये आलेला. मारिया रोस्लुंड आणि सहकाऱ्यांनी फिनलंडच्या शहरांतल्या दहा पाळणाघरवजा अंगणवाड्या घेतल्या. त्यांतल्या चारांच्या खडी-डांबराच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचा वरचा थर आणि गवताचे गालिचे आणून अंथरले, कुंड्या ठेवल्या, मुलांना त्यात रोपं लावायला, खेळायला दिलं. बाकीच्या काही अंगणवाड्या नेहमीच्या होत्या, तर काहींत मुलं रोज जंगलातच जात होती. तीन ते पाच वर्षांची एकूण ७५ मुलं. प्रयोग २८ दिवसांचा.

२८ दिवसांनी अंगण बदललेल्या मुलांच्या त्वचेवर गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाची विविधता वाढलेली होती. तिच्या जोडीने रक्तातलं टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक रेणूचं प्रमाण आणि नियामक टी पेशींचा वाटा वाढलेला दिसला. दाह शमवणारा आयएल-१० आणि दाह भडकवणारा आयएल-१७ए यांचं गुणोत्तरही शमवणाऱ्याच्या बाजूने सरकलं.

प्रयोग सुंदर आहे. नुसतं निरीक्षण न करता भोवताल बदलून पाहण्याचं धाडस त्यांनी केलं. २०२२ मध्ये त्याच गटाने आणखी काटेकोर चाचणी केली. वाळूच्या खेळात एका गटाला समृद्ध माती मिसळलेली वाळू, दुसऱ्याला दिसायला तशीच पण साधी वाळू. कोणाला काय दिलंय हे मुलांना माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन आठवड्यांत प्रतिकार यंत्रणेच्या खुणा पुन्हा त्याच दिशेने सरकल्या.

आता दुसरी बाजू. पहिली गोष्ट, मुलं तीन ते पाच वर्षांची होती, तान्ही नव्हती. दुसरी, मुलं एकेक करून चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, वाटणी अंगणवाडीची झाली होती. एकाच अंगणवाडीतली मुलं एकच जेवण जेवतात आणि एकच सर्दी वाटून घेतात, त्यामुळे ७५ हा आकडा दिसतो तेवढा मोठा राहत नाही. दुसऱ्या चाचणीत तर मुलंच २६ होती. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, यात कुठल्याही मुलाचा आजार मोजलेला नाही. दमा कमी झाला, ताप कमी आला, असं पेपर म्हणतच नाही. रक्तातल्या खुणा २८ दिवसांत बदलल्या, एवढंच तो म्हणतो. 'सिद्ध झालं' हे पेपर आणि मोबाइल यांच्या मधल्या वाटेवर घुसलेलं आहे.

'शक्ती' या शब्दाने केलेला घोटाळा

यात आपल्या मराठीचाही थोडा दोष आहे. आपण 'रोगप्रतिकारशक्ती' म्हणतो, आणि शक्ती म्हटली की ती वाढवायचीच असते. च्यवनप्राशापासून काढ्यापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती या एका शब्दावर चालतात.

पण ऍलर्जी किंवा दमा हा शक्ती कमी पडल्याचा आजार नाही. शेंगदाणा, धूळ, परागकण असल्या निरुपद्रवी गोष्टींवर यंत्रणा तुटून पडते, तेव्हा ती कमजोर नसते. तिला ओळख नसते. गावातलं कुत्रं पोस्टमनवर धावून जातं आणि चोर मागच्या दाराने आत येतो, तसं काहीसं. फिनलंडच्या मुलांमध्ये ज्या नियामक टी पेशी वाढल्या त्यांचं काम हल्ला करायचं नाही, हल्ला आवरायचं आहे. म्हणजे त्या संशोधनाने शक्ती वाढताना दाखवली नाही, संयम वाढताना दाखवला. "रोगप्रतिकारशक्ती वाढते" हे भाषांतर चुकीचं तर आहेच, पण धोकादायकही आहे, कारण त्यातून आई असा अर्थ काढते की मातीत खेळलेल्या लेकराला जुलाब, गोवर, न्यूमोनिया कमी होतील. त्याबद्दल त्या पेपरात अक्षरही नाही.

मग पहिल्या वर्षाचं काय?

तान्ह्या वयाचं महत्त्व दुसऱ्या अभ्यासांतून येतं, आणि ते बरेच पक्के आहेत. २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आल्प्स पर्वताच्या भागातल्या खेड्यांचा अभ्यास आला. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधली मुलं. जी पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरली आणि घरच्या गोठ्यातलं दूध प्यायली, त्यांच्यात दम्याचं प्रमाण १ टक्का. ज्यांचा हा संबंध एक ते पाच वर्षांच्या दरम्यान आला, त्यांच्यात ११ टक्के. म्हणजे नुसता संपर्क नाही, संपर्काची वेळ महत्त्वाची.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचं मूळ युरोपातलं, आहार-राहणी पुष्कळशी सारखी. पण आमिश लोकांची गुरं-घोडी घराला लागून आणि शेती जुन्या पद्धतीची. हटराइटांची शेती मोठी, यांत्रिक, घरापासून दूर. आमिश मुलांत दमा ५ टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत २१ टक्क्यांच्या. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातून येणारं एंडोटॉक्सिन जवळजवळ सातपट. ती धूळ उंदरांना हुंगवली तर उंदीरही दम्यासारख्या लक्षणांपासून वाचले. हटराइटांच्या धुळीने ते झालं नाही.

हे वाचताना मला आमच्या घराची पडवी आठवते. लाल कंधारी गाय, दोन उस्मानाबादी शेळ्या, आणि दहा पावलांवर पाळणा. आल्प्समध्ये जे शोधायला संशोधक गेले ते आमच्याकडे रोजचंच. आणि दमा-ऍलर्जीची जगभरातली तुलना करणाऱ्या, ५६ देशांतल्या साडेचार लाखांहून अधिक मुलांना प्रश्न विचारणाऱ्या १९९८ च्या अहवालात दम्याची लक्षणं कमी असलेल्या देशांत भारतही होता. तेव्हा "आपल्याकडे हे आधीपासून होतं" हे म्हणणं अगदीच पोकळ नाही.

पण "पूर्वजांना ठाऊक होतं" हे मात्र मला पटत नाही. आपल्या बायाबापड्या तान्ह्या बाळाला रानावनात सोडत नव्हत्या. बाळंतिणीची खोली अंधारी, दार लोटलेलं, आत शेक-शेगडी आणि ओव्याची, लसणाच्या टरफलांची धुरी. पाचवीला सटवाई पुजायची ती बाळ दगावू नये म्हणून. सव्वा महिना बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही. ही रीत आरोग्याला बरी की वाईट, तो वेगळा वाद आहे. धुरीचा धूर तर नक्कीच वाईट. पण तिच्यामागचं भय खरं होतं. त्या आजींना ठाऊक होतं की पहिल्या महिन्यात बाहेरून जे येतं ते लेकरू नेतं.

मातीसोबत आणखी काय येतं

नेतं म्हणजे कसं? धनुर्वाताचं उदाहरण घ्या. या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नाळ गंजक्या पात्याने कापली, वर शेण किंवा राख लावली, की ते थेट बाळाच्या अंगात. ज्या गोठ्याने आल्प्समधली मुलं दम्यापासून वाचवली, तसल्याच गोठ्यातल्या शेणाने आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या नवजात बाळं मारली. गर्भवतींना लस, स्वच्छ बाळंतपण, कोरडी नाळ या तीन गोष्टींनी ते थांबत गेलं. माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. म्हणजे हे 'निसर्गापासून तोडणं' आपल्याला फार उशिरा आणि फार कष्टाने जमलेलं आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत केलेलं कामही आठवा. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. बाळांना मारणाऱ्यांत जंतूंचा वाटा किती मोठा होता, ते यावरून कळतं.

आणखी जवळचं उदाहरण आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचं. संपूर्ण स्वच्छता अभियानाच्या काळात, २००४ च्या सुमाराला, महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांत एक प्रयोग आखला गेला होता. चिठ्ठीने निवडलेल्या गावांत शौचालयांसाठी जोर लावायचा आणि मुलांच्या उंचीवर काय परिणाम होतो ते बघायचं. नांदेड आणि बुलढाण्यात तो प्रत्यक्षात उतरला नाही, नगरमध्ये उतरला. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स यांच्या विश्लेषणात तिथल्या मुलांच्या वयानुरूप उंचीत ०.३ प्रमाण विचलनाची वाढ दिसली, म्हणजे चार वर्षांच्या मुलात साधारण एक-सव्वा सेंटिमीटर. पुढे बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत नुसती शौचालयं आणि हात धुणं यांनी उंची वाढली नाही, हेही सांगायला हवं. पण त्यातून विष्ठा निरुपद्रवी ठरत नाही. सतत विष्ठेतले जंतू पोटात जात राहिले तर लहान आतड्याचे अंकुर झिजतात, आतडं कायम सौम्य दाहात राहतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. फिनलंडच्या मुलांच्या रक्तात दाह शमल्याच्या खुणा होत्या. उघड्यावरच्या विष्ठेशी रोज संबंध येणाऱ्या लेकराचं शरीर याच्या बरोबर उलट दिशेने जातं. दोन्हीकडे 'मातीशी संपर्क' हाच शब्द वापरता येतो, हीच त्या शब्दाची अडचण.

हिरवं म्हणजे विविध नव्हे

आता माझा जैवविविधता गृहीतकावरचा मुख्य आक्षेप. हान्स्कींच्या गटाने घराभोवतीची विविधता मोजताना अंगणातली झाडं मोजली, आणि लांबच्या परिसरासाठी जमिनीच्या वापराचा नकाशा वापरला. जंगल आणि शेती जास्त म्हणजे निसर्ग जास्त. फिनलंडमध्ये ते चालून जातं, कारण तिथली शेतं जंगलाच्या मध्ये ठिगळासारखी.

हीच मोजपट्टी आपल्याकडे लावून बघा. जानेवारीत उपग्रहातून बघितलं तर सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा गर्द हिरवा दिसेल आणि आमचा बालाघाट भुंडा, तपकिरी. पण त्या हिरव्यात मैलोन्मैल एकच वनस्पती उभी आहे. आणि या तपकिरीत कुसळी गवत आहे, तरवड, हिवर, बोर, सीताफळ आहे, पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. सरकारी नकाशांतही अशी झुडपी माळरानं 'पडीक' या रकान्यात जातात, त्यामुळे तिथली विविधता कोणाच्या खिजगणतीतच येत नाही.

उसाच्या मातीत जिवाणू नसतात असं मी म्हणत नाही. कुठल्याही चमचाभर मातीत हजारो प्रकारचे असतात. मुद्दा असा की लेकराच्या अंगाशी येणारा भोवताल फक्त मातीचा नसतो. झाडं, गुरं, शेळ्या, आजीचं अंगण, चुलीपाशी येणारं मांजर, दहा घरची माणसं या सगळ्यांची मिळून ती विविधता असते. उसतोडीच्या हंगामात लेकरू त्यातून उचललं जातं आणि एका पिकाच्या मधोमध ठेवलं जातं.

फडातलं लेकरू

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे तीन-चारला उठून फडावर. लेकरू पाचटावर अंथरलेल्या गोधडीत, नाहीतर गाडीला बांधलेल्या झोळीत. राहायला कोपी, म्हणजे बांबू, पाचट आणि प्लास्टिकचा कागद. पाणी विहिरीचं, कालव्याचं, जे मिळेल ते. शौचाला उसातच जायचं. चुलीचा धूर, आणि फड पेटवून तोडायचा असेल तर त्याचा धूर वेगळा. आई भरल्या मोळ्या वाहत असते, त्यामुळे लेकरू रडलं की लगेच पाजणं होत नाही.

आता त्या मेसेजमधला फोटो आठवा. हिरवं रान आहे, माती आहे, बाळ आहे. फोटोपुरतं सगळं जुळतं. पण 'जुन्या मित्रां'च्या यादीतलं फडात फार थोडं आहे, आणि रोगजंतूंच्या यादीतलं जवळजवळ सगळं आहे. वर धूर, जो फुप्फुसाला दाहाकडेच ढकलतो. आणि ज्या एका गोष्टीबद्दल कोणाचंच दुमत नाही, ते आईचं दूध, तेच तुटण्याची भीती.

मला अभ्यास करायला मिळाला तर तो इथे करायला आवडेल. एकाच गावातली, एकाच हंगामात जन्मलेली लेकरं. काही आईबापांबरोबर जाणारी, काही गावातच राहणारी. जाण्याआधी आणि परतल्यावर त्वचेवरचे आणि शीचे नमुने, घरातली आणि कोपीतली धूळ, पिण्याच्या पाण्यातले विष्ठेचे जिवाणू, धूर, वजन, जुलाबाचे दिवस, स्तनपान किती दिवस टिकलं. अर्थात जाणारं आणि राहणारं घर सारखं नसतं. ज्यांच्याकडे म्हातारं माणूस नाही, ज्यांची उचल जास्त आहे, तेच लेकरू घेऊन जातात. तो फरक वेगळा काढल्याशिवाय निष्कर्ष काढता येणार नाही. आणि नमुने घेऊन निघून यायचं, पाणी मात्र तसंच गढूळ ठेवायचं, असा अभ्यास मला करायचा नाही.

योग्य जिवाणू, योग्य वेळी

मग लवकरचा संपर्क हे सगळं थोतांडच का? मुळीच नाही. भारतातलाच एक भक्कम पुरावा आहे. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ती २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आली. पुरेशा वजनाच्या, आईचं दूध पिणाऱ्या बाळांना पहिल्या काही दिवसांत सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याला पोसणारी साखर दिली. दोन महिन्यांत गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ही झाली खरी 'लवकरची ओळख'. पण तिथे जिवाणू निवडलेला होता, तपासलेला होता, मोजून दिलेला होता, आणि आईचं दूध चालू होतं. त्याचा अर्थ "दुकानातून कुठलंही प्रोबायोटिक आणा" असा नाही, आणि "माती चारा" असा तर नाहीच.

वहिनीला दिलेलं उत्तर

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वहिनीकडे गेले. जे समजलं होतं ते असं सांगितलं.

आपल्या अंगणातली, गोठ्याच्या बाजूची, माणसाची घाण नसलेली माती त्याच्या हाताला लागली तर लागू दे. शेळी चाटू दे. जेवायच्या आधी आणि शी धुतल्यावर साबण मात्र सोडू नकोस. साबणाने मित्र संपत नाहीत, जुलाब टळतात. फडातली माती आणि इथली माती एक समजू नकोस. न्यायचंच असेल तर पाणी उकळून दे आणि पाजणं तोडू नकोस.

आणि सगळ्यात आधी लसीचं कार्ड काढ. नऊ महिने पूर्ण झालेत, गोवर-रुबेलाचा पहिला डोस आला आहे. ट्रक यायच्या आत तो घे. याला एक कारण आहे. प्रतिकार यंत्रणा शिकते, हेच या सगळ्या संशोधनाचं सार. पण गोवर ते शिकलेलं पुसून टाकतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या तपासणीत दिसलं की गोवर होऊन गेल्यावर आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. मातीने, आईच्या दुधाने, भावंडांनी जे काही शिकवलं, त्याची पाटी पुसणारा आजार एका सुईने टळतो.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फडातलं पाणी उकळायला वेळ कुठून आणू, ते बी सांगा की तुमच्या त्या शास्त्रज्ञांला विचारून."

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पेपरात नव्हतं. ते मुकादमाच्या वहीत आहे, कारखान्याच्या हिशेबात आहे, कोपीपाशी नळ आणि पाळणाघर द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकांत आहे. दुसऱ्या दिवशी ती लेकराला घेऊन उपकेंद्रात गेली, लस टोचून आणली, आणि पुढच्या आठवड्यात ट्रकात चढली. लेकरू सोबतच होतं. आजीला गुडघ्यांमुळे आता त्याच्यामागे धावणं होत नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी "मुलांना मातीत खेळू द्या" असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न विचारा. कोणत्या मातीत? आणि त्या मातीपासून नळ किती लांब आहे?